आठ एमएमचे कबाब

मनुष्यप्राणी इतर प्राण्यांहून श्रेष्ठ ठरला तो अग्नीमुळे. ज्या दिवशी त्याने विस्तवावर पहिल्यांदा मांस भाजलं, त्या दिवशी संस्कृतीला सुरुवात झाली. आणि तेव्हापासून आजतागायत विस्तव ज्याच्या हाती, समाज त्याच्या मागे, असा इतिहासाचा दाखला आहे. गुणाकरच्या घरी विस्तव अलकनंदाच्या हाती होता. गॅसचा लायटर ती ओट्याच्या वरच्या खणात ठेवायची. गुणाकरचा हात तिथे पोचायचा, पण आजवर पोचला नव्हता.

आईबापांनी गुणांची खाण म्हणून त्याचं नाव गुणाकर ठेवलं होतं. दोस्त त्याला भागाकार म्हणत, कारण कुठलंही काम हाती आलं की तो आधी त्याचे भाग पाडायचा, आणि शेवटी काहीतरी बाकी उरायचंच.

दोस्त चार, त्याच्यासकट. पहाटे वैनगंगेच्या पुलापर्यंत चालायला जायचं म्हणून हे मंडळ स्थापन झालं होतं. चालणं पहिल्याच थंडीत गळालं, मंडळ तेवढं टिकलं. दर हिवाळ्यात एका रविवारी मटणाची पार्टी व्हायची आणि मटण चैतराम करायचा. चैतरामची लालबर्‍याला राइस मिल होती, आवाजही मिलचाच होता, आणि पातेल्याच्या आसपास तो कुणाला फिरकू देत नसे. मसाला त्याचा, मीठ त्याचं, पळी त्याची; बाकीच्यांनी तारीफ करायची. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात हयात घालवलेल्या गुणाकरकडे पत्रावळी मांडायचं काम होतं. तो त्या इतक्या सरळ रेषेत मांडायचा की पाहुणे बसताना दबून बसत. एकदा, फक्त एकदाच, चैतराम फोनवर बोलायला बाजूला गेला तेव्हा गुणाकरने पळी उचलून रस्सा ढवळला होता. चैतराम परतला, चव घेतली आणि ओरडला, "कोणं हात लावला बे?"

तर गुणाकरला आयुष्याकडून आता फार काही नको होतं. पोरगी मार्गी लागली होती, घर बांधून झालं होतं. मटणाची पळी एकदा रीतसर, सगळ्यांच्या देखत हातात यावी, एवढंच राहिलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर तो पोरीकडे, अबोलीकडे, पुण्याला जाऊन आला. तिने त्याला अशा हॉटेलात नेलं जिथे टेबलाच्या पोटातच निखार्‍यांची शेगडी होती आणि गिर्‍हाईकं आपापले कबाब आपणच फिरवत होती. बँकेत कामाला असतील अशी माणसं कबाब फिरवत होती! गुणाकरने जेवताना एकच विचार केला: हे चैतरामला येत नाही.

बालाघाटला परतल्यावर चहाच्या टपरीवर त्याने जाहीर केलं, "या वर्षी पार्टी माझ्या घरी. अन् बार्बेक्यू."

"का होय थे?" चैतरामने विचारलं.

"मांस मसाल्यात मुरवायचं, सळईवर लावायचं, निखार्‍यावर भाजायचं."

"त्याले सीक कबाब म्हणते. बारबीकू म्हटल्यानं का होते? कोंबडी इंग्रजी बोलते का?"

"तुला जे येत नाही ते तुला लहानच वाटते."

चैतरामने कप खाली ठेवला. टपरीवरची बाकीची माणसंही ऐकायला लागली. "असं? मंग आयक. तुहे कबाब जमले, तं पुढच्या साली मटणाची पळी तुह्या हाती. पत्रावळी मी मांडीन. नाई जमले, तं खाण्याच्या गोष्टीत तू पुन्हा तोंड उघडाचं नाई. खायापुरतंच उघडाचं."

"मंजूर," गुणाकर म्हणाला. त्याचा आवाज थोडा चिरकला, पण टपरीवर दूध उतू जात होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग त्याने सवयीप्रमाणे कामाचे भाग पाडले. कोंबडी आणणं आणि मुरवणं स्वतःकडे. मंडळातल्या उरलेल्या दोघांपैकी कोळसा डोमाजीकडून. सळया धर्मेंद्रकडून. सळईचं त्याने मंडळाच्या व्हाट्सॅप ग्रुपवर लिहिलं, आणि इथेच घोटाळा झाला. गुणाकरचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात नोकरीला. गावात अर्धं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपत असलं तरी आपण शुद्ध लिहायचं, असा त्याचा बाणा होता. 'सीक' हा शब्द त्याच्या बोटांना मानवला नाही. त्याने लिहिलं, "धर्मेंद्र, बारा सळया तू आण."

धर्मेंद्रचं लोखंड-सिमेंटचं दुकान होतं. मंडळातल्या कुणी त्याच्या मालाची कधी विचारपूस केली नव्हती. हा निरोप वाचून त्याला भरून आलं. त्याने उत्तरात नमस्काराचे दोन हात पाठवले.

रविवारी दुपारी तो टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. टेम्पोतून बारा सळया खाली पडल्या आणि असा आवाज झाला की शेजारच्या शेवंताबाई गच्चीवर आल्या.

"आठ एमएम," धर्मेंद्र म्हणाला. "एकदम फर्स्ट क्वालिटी. चार-चार फुटाचे कापून आणले भाऊ. लंबे पाहिजे होते का?"

अलकनंदा पदराला हात पुसत बाहेर आली. तिने सळयांकडे पाहिलं, नवर्‍याकडे पाहिलं. "वर मजला चढवता का?"

"अरे, सळई म्हणजे कबाबाची!" गुणाकर म्हणाला. "पातळ. टोकदार. एवढीशी."

"तं सीक लिवाचं नं बे! सीक! तू सळई लिवलं. माह्या दुकानात सळई म्हंजे हेच."

"मराठीत सीकेला सळईच म्हणतात."

"अन् मराठीत स्लॅब कायचा टाकतेत?"

गुणाकरने विचार केला. "सळईचाच," तो म्हणाला.

"मंग?"

रविवारी बाजारात दुसर्‍या सीका शोधायला वेळ नव्हता. सळया घासायला घेतल्या. आधी पॉलिशपेपर, मग चिंच, मग राख, मग उकळतं पाणी. घासायला अलकनंदाही बसली. देवाची भांडीसुद्धा ती यापेक्षा कमी घासते, हे तिच्या मनगटावरून कळत होतं.

मुरलेली कोंबडी आठ एमएमवर चढवणं हे बांधकामच होतं. एक जण तुकडा धरायचा, एक जण सळई दाबायचा. पण एकदा चढलेला तुकडा हलत नव्हता. सळईला पीळ होता ना.

"भूकंपाची सळई आहे," धर्मेंद्र अभिमानाने म्हणाला. "घर पडन, पण कबाब नाई पडनार."

धर्मेंद्र स्वतः शाकाहारी. त्याच्यासाठी पनीर आणलं होतं. पहिल्या चौकोनात सळई घातली तसा त्याचा चुरा झाला. दुसर्‍याचाही. तिसर्‍याला धर्मेंद्रने प्रेमाने, हळूच, फुंकर घालत सळई लावली, त्याचाही झाला. शेवटी त्याच्या सळईवर दोन आख्खी वांगी, एक आख्खा बटाटा आणि एक टमाटर असा सरंजाम लागला. ती सळई उभी केली तर देवीच्या मिरवणुकीत चालली असती.

इतक्यात चैतराम आला. पांढरा शर्ट घालून, रिकाम्या हातांनी, परीक्षकासारखा. त्याने सळया एकवार पाहिल्या. खुर्ची ओढली आणि शेगडीपासून बर्‍यापैकी लांब बसला. ते अंतर गुणाकरला फार लागलं.

"कोळसा कोठी हाय?" एवढंच त्याने विचारलं.

कोळसा होता. सकाळीच गुणाकरने स्कूटरवरून आणला होता. डोमाजी तिरोडीच्या मॅंगनीजच्या खाणीत उभी नोकरी करून रिटायर झालेला माणूस. खाणीतला माणूस म्हणजे त्याच्याकडचा कोळसा अस्सल खाणीतला असणार, असा गुणाकरचा हिशेब होता. डोमाजी फोनवर म्हणाला होता, "मी आंघोळीले चाल्लो. मांगं पोतं ठेवलं आहे, घेऊन जा." मागे दोन पोती होती. गुणाकरने एक उचलून पाहिलं, ते हलकं लागलं. दुसरं उचललं, ते एका झटक्यात उचललं गेलं नाही. जड माल तो अस्सल माल, असा विचार करून त्याने जडच नेलं. वाटेत स्कूटरचं पुढचं चाक दोनदा जमिनीवरून सुटलं.

अर्ध्या पिंपाची शेगडी अंगणात मांडलेली होती. तिच्यात त्याने काळे खडे रचले, एकावर एक, मधे हवेला वाट ठेवून. नकाशाच काढला म्हणा.

"लय जड दिसते," चैतराम म्हणाला.

"दगडी कोळसा आहे. दमदार असतो तो जडच असतो. पेटायला वेळ लावतो, पण एकदा पेटला की विझत नाही."

तोवर डोमाजीही आला. त्याने शेगडीकडे पाहून मान डोलावली. "हौ, दगडी. बरोबर."

पहिली काडी लावली. खाली कागद होता तो जळला. आणखी कागद घातला, तोही जळला. तुराट्या घातल्या, त्यांचा छान जाळ झाला, सगळे "वा" म्हणाले, आणि तुराट्या संपल्या. खडे होते तसेच काळे.

"हवा द्या," चैतराम खुर्चीतून म्हणाला.

डोमाजीने सूप घेतलं, धर्मेंद्रने सिमेंटच्या पोत्याचा पुठ्ठा घेतला. दोघं दोन बाजूंनी हवा घालायला लागले आणि दोघांचीही राख एकमेकांच्या डोळ्यांत जायला लागली. गुणाकर घरात जाऊन अबोलीचं इथेच राहिलेलं केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. लांब वायर लावून त्याने ते खड्यांवर रोखलं. यंत्राने गरम हवा सोडली. खडे, असेलच ओल तर, वाळले.

"कापूर टाका," अलकनंदा दारातून म्हणाली. ती हे गंमत म्हणून म्हणाली होती. पण गुणाकर त्या क्षणी गंमत ओळखण्याच्या स्थितीत नव्हता. त्याने देवघरातला आख्खा डबा आणून ओतला.

कापराचा जाळ छातीइतका उठला. अंगण उजळलं. कोंबडीच्या सळया गुणाकरने घाईघाईने वर धरल्या. जाळ सुंदर होता, वास पवित्र होता, आणि डोमाजीचे हात आपोआप टाळ्या वाजवायला लागले. आरतीची पहिली ओळ त्याच्या तोंडून निघूनही गेली. धर्मेंद्रने चपला काढल्या.

"पेटला! पेटला!" गुणाकर ओरडला.

मग कापूर संपला. खडे काळेच होते, थोडे चकाकत होते इतकंच. कोंबडी कच्चीच, पण आता तिला देवळाचा वास येत होता.

"भागाकार," चैतराम म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं, पोट भरल्यावर येतं तसं. "पुढच्या साली पत्रावळी पळसाच्या आणजो. प्लास्टिकच्या उडते."

गुणाकर काही बोलणार, तेवढ्यात डोमाजीचा फोन वाजला. डोमाजीला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायचा. त्याची बायको गोदाबाई आख्ख्या अंगणाला ऐकू आली.

"आयकता का? माह्या झेंडूच्या वाफ्याचे गोटे कोणं नेले?"

"कोन्ते गोटे?"

"थे काळे! मांगं पोत्यात भरून ठेवले होते नं, वाफ्याच्या कडीनं लावाले. तिरोडीहून नाई का आणले आपुन?"

"मंग कोळशाचं पोतं?"

"थे त इथंच हाय. त्याच्यावर मांजर झोपली हाय."

सूप डोमाजीच्या हातात तसंच अर्ध्यावर थांबलं. मग तो खाली वाकला, खडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला. "म्यांगनीज होय," तो म्हणाला.

"डोमाजी!" गुणाकरचा आवाज आता खरंच फाटला. "उभी नोकरी त्या खाणीत केली तू! तुला ओळखू नाही आलं?"

"मी टाइम ऑफिसात होतो गा. मी माणसं मोजत होतो. गोट्याचं खातं अलग होतं."

"मले शक आलता," धर्मेंद्र म्हणाला. "माल लोखंडाच्या घरचाच वाटून राह्यलता."

चैतराम हसायला लागला. खुर्चीत हसला, उठून हसला, भिंतीला हात लावून हसला. "गोट्याले हवा घातली!" तो म्हणत होता. "केस वाळवले गोट्याचे! आरती केली!" त्याच्या पांढर्‍या शर्टावर राख पडली तरी त्याला भान नव्हतं. "संपलं भाऊ! शर्त संपली! तोंड बंद!"

गुणाकर हातात कोंबडीची सळई घेऊन उभा होता. त्याला पुढचे सगळे हिवाळे दिसले. पत्रावळींच्या सरळ रेषा दिसल्या, आणि त्यांच्या टोकाला पळी घेतलेला चैतराम दिसला. डोमाजीच्या घरी जाऊन कोळसा आणावा तर कोंबडी मुरून मुरून आता विरघळायच्या बेतात होती, आणि चैतराम घरी निघायच्या. त्याची नजर सळईवरून सरकत तिच्या रिकाम्या टोकापर्यंत गेली. चार फूट. मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेली. खिडकीला उभे गज. गजांच्या आत ओटा. ओट्यावर, खिडकीला लागूनच, गॅस.

उभी हयात नकाशे काढलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदाच एक नकाशा असा उमटला की त्यात बाकी उरत नव्हती.

"अलकनंदा," तो म्हणाला, "लायटर."

अलकनंदाने त्याच्याकडे पाहिलं. आज त्याने खूप सोसलं होतं हे तिलाही दिसत होतं. ती आत गेली, वरच्या खणातून लायटर काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

पाच मिनिटांत मांडणी झाली. सळईचं कोंबडी लागलेलं टोक आत, गॅसच्या जाळावर. रिकामं टोक गजांमधून बाहेर, अंगणात. आत गुणाकर. बाहेर डोमाजी आणि धर्मेंद्र, हाताला पंचे गुंडाळून, दोन्ही मुठींत एकेक सळई धरून.

"फिरवा!" आतून हुकूम आला. "हळू! डोमाजी, तुझी डावीकडे!"

"माह्या डाव्या का तुह्या?"

"कोंबडीच्या!"

दोन बर्नर, सळया बारा. चैतराम खुर्चीत बसून पाहत होता. मसाल्यावरचं तेल जाळात पडून चरचर आवाज झाला आणि वास खिडकीतून बाहेर आला. लिंबू, आलं, जळका लसूण. चैतराम सकाळपासून उपाशी होता. पार्टीच्या दिवशी तो नेहमीच तसा यायचा.

"चैतराम, ही धर," गुणाकरने खिडकीतून एक सळई बाहेर सारली.

"मी काहून?"

"खायचं नाही का?"

चैतरामने इकडे तिकडे पाहिलं. मग खिशातला रुमाल काढून हाताला गुंडाळला.

शेवंताबाई पुन्हा गच्चीवर आल्या. खाली तीन पोक्त माणसं खिडकीतून बाहेर आलेल्या लोखंडी सळया गंभीरपणे पिळत होती.

"ग्रील बदलून राह्यले का भाऊ?"

"नाई, कोंबडी भाजून राह्यलो," डोमाजी म्हणाला.

शेवंताबाई खाली गेल्या आणि त्यांच्या दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

"चैतराम, फिरव! करपते तुझी!"

"फिरवून राह्यलो नं बे!" चैतराम ओरडला, आणि फिरवली.

सगळे अंगणातच उकिडवे बसून जेवले, सळई मांडीवर आडवी घेऊन. तुकडे बाहेरून लाल, आतून मऊ झाले होते. पिळाच्या सळईवरून ते निघता निघत नव्हते, म्हणून प्रत्येकजण ऊस खाल्ल्यासारखा तोंडानेच ओढत होता. धर्मेंद्रचं वांगं इतकं झकास भाजलं होतं की त्याने त्यात पनीरचा चुरा मिसळून नवीनच भाजी काढली आणि सळईच्या हिंदी नावावरून तिला 'पनीर सरिया' असं नाव दिलं.

"कसं आहे?" गुणाकरने विचारलं. चैतरामकडे न बघता.

"नमक कमी हाय," चैतराम चौथा तुकडा ओढत म्हणाला. "अन् थोडा आरतीचा वास येते." पाचवा ओढला. "पन हे काई बारबीकू नोहे. हे गॅसवर झालं. शर्त तू हारला."

"न्याय डोमाजी करेल," गुणाकर म्हणाला. "गोटे त्याचे."

डोमाजीने बोटं चाटली. गुन्हा त्याच्याच घरून निघाला असल्यामुळे त्याच्यावर जबाबदारी मोठी होती. त्याला नोकरीतही इतका विचार कधी करावा लागला नव्हता.

"शर्त कोळशाची नोहती," तो म्हणाला. "शर्त कबाबाची होती. सळईवर लागले, सळईवर भाजले, सळईवरूनच खाऊन राह्यलो. अन् चैतरामभाऊ, एक सळई तं तू सोता फिरवली. तुह्याच हातानं."

चैतरामने हातातल्या सळईकडे पाहिलं. ती पूर्ण रिकामी होती.

"बरं," तो म्हणाला. मिलचं बटण बंद केल्यावर पट्टा जसा हळूहळू थांबतो, तसा तो शब्द आला. "पुढच्या साली पळी तुही."

त्या रात्री गुणाकर झोपेत हसत होता, असं अलकनंदाने अबोलीला फोनवर सांगितलं. पुढचं आख्खं वर्ष त्याने तयारीत घालवलं. अलकनंदाचं वरण तो ढवळायला लागला. आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग तळाला न लागू देता मधून. श्रावणात त्याने एक कढई जाळली, पण ती अनुभवाच्या खाती मांडली. गोंदियाहून लांब दांड्याची पितळी पळी आणली आणि ती रोज पुसून, भिंतीला खिळा ठोकून, अगदी सरळ टांगायला लागला. कोळसाही आधीच घरात आणून ठेवला. आणला तेव्हा प्रत्येक खडा हातात तोलून पाहिला.

त्या हिवाळ्यात पार्टीच्या रविवारी चैतरामच्या मुलाचं वारासिवनीला लग्न निघालं, आणि पार्टी त्यातच उरकायची ठरली. जेवण केटररचं होतं, आणि शाकाहारी होतं.